मामीच्या पोटातली भाची

बायकोने विषय काढला तेव्हा माझ्या तोंडात मिसळीचा घास होता. रविवार होता. काळेवाडीतल्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात मी, ती आणि आमची दुसरीतली मुलगी नाश्त्याला गेलो होतो. मुलगी हात धुवायला उठली, तेवढ्यात ही म्हणाली, "अहो, ताईंचं बाळ मी वाढवलं तर?"

"ताईला बाळ कुठंय?"

"म्हणून तर म्हणतेय. माझ्या पोटात."

मला जो ठसका लागला, तो थांबवायला हॉटेलवाल्याला पाणी घेऊन यावं लागलं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती आणि दाजी वाकडला राहतात, दोघंही आयटीत. लग्नानंतर काही वर्षांनी तिचं बाळ सातव्या महिन्यात गेलं. रक्तस्राव थांबेना म्हणून डॉक्टरांना गर्भाशयच काढावं लागलं. ती वाचली, यातच आम्हाला सगळं मिळालं होतं. पुढे कितीतरी दिवस तिच्यासमोर कुणी लहान मुलांचा विषय काढत नसे. आमच्या मुलीचे वाढदिवससुद्धा आम्ही जरा आवाज कमी ठेवूनच करायचो.

मग एक दिवस तिनेच आईला सांगितलं, की तिच्या आणि दाजींच्या बीजापासून डॉक्टर गर्भ तयार करू शकतात, पण तो वाढवायला दुसऱ्या बाईचं पोट लागेल. आणि ते पैसे देऊन मिळत नाही, कायद्यानेच बंदी आहे. लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली, वयात बसणारी कुणीतरी आपणहून पुढे यायला हवी. ताई हे सांगत होती तेव्हा बायको ओट्यापाशी भाकऱ्या थापत होती. ऐकतेय असं काही तिने दाखवलं नाही.

आता या नणंद-भावजयीचं फार गूळपीठ होतं म्हणाल, तर अजिबात नाही. ताई आमच्याकडे आली की फ्रिज उघडून आत काय शिळं आहे ते बघायची. बायको वाकडला गेली की सोफ्याच्या अगदी कडेवर बसायची आणि निघेपर्यंत तशीच बसून राहायची. म्हणून मी त्या रविवारी परत परत विचारलं, "पण तू का?"

ती म्हणाली, "आपल्या पोरीच्या वेळी मला काहीच त्रास झाला नव्हता. नाही म्हणायला काहीतरी कारण सापडेल म्हणून आठवडाभर शोधतेय. नाही सापडत."

ताईला तिने स्वतः फोन केला. ताईने ऐकून घेतलं आणि फोनच ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी ती आमच्या बिल्डिंगखाली हजर. तळमजल्यावर बायकोचं छोटं पार्लर आहे. ताई सरळ आत जाऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आयब्रो करून दे." दोरा फिरायला लागला तशी तिच्या डोळ्यांतून धारा. आयब्रो करताना सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी येतं, त्यामुळे बाकड्यावर बसलेल्या दोन बायकांना काही कळलं नाही. उठताना ताईने एवढंच विचारलं, "नक्की?" ही म्हणाली, "नक्की."

त्यानंतर तपासण्या सुरू झाल्या. रक्त, सोनोग्राफी, हृदय, मन. मन म्हणजे समुपदेशक बाई. त्यांनी आम्हा चौघांना एकत्र बसवलं, मग एकेकाला वेगळं. मला विचारलं, "तुम्हाला यात काय वाटतं?"

मी म्हणालो, "मी मामा होणार."

"ते नंतर. आधी तुम्ही नवरा आहात," त्या म्हणाल्या. "कित्येक महिने औषधं चालतील. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस तुम्हाला लांब राहावं लागेल. तिची चिडचिड होईल. शेजारी बोलतील. आणि शेवटी तुम्ही दोघं दवाखान्यातून मोकळ्या हातांनी घरी याल. आत्ता हसताय, पण याचा विचार करून या."

मी हसायचा थांबलो.

सगळे परत एकत्र बसल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: बाळ ताई-दाजींचं असलं तरी पोट हिचं आहे. काय खायचं, कुठे राहायचं, कुठली तपासणी करायची, शेवटचा शब्द हिचा. आम्ही चौघांनी शहाण्या मुलांसारख्या माना हलवल्या.

पुढे परवानग्या, विमा, कोर्ट. न्यायाधीशांनी बायकोला विचारलं, नवऱ्याचा किंवा सासरच्यांचा काही दबाव आहे का. ही म्हणाली, "नाही साहेब, दबाव असलाच तर माझाच यांच्यावर आहे." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कबूल केलं.

खरी परीक्षा माझी होती ती इंजेक्शनची. गोळ्या ती घ्यायची, पण रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी कमरेच्या मागच्या बाजूला एक तेलकट इंजेक्शन द्यायचं असायचं. रोज दवाखान्यात जाण्यापेक्षा नवऱ्याने शिकून घेतलेलं बरं, असं सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पेनाने रेघा मारून जागा दाखवली. औषध थंड असलं की जास्त दुखतं, म्हणून आधी बाटली मुठीत धरून गरम करायची. मी चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. केसाच्या जाडीइतका फरक दिवसभर मोजतो, हात कधी हलत नाही. पण पहिल्या संध्याकाळी सुई हातात घेतली आणि हात असा लटपटायला लागला की काय सांगू. बायको पालथी पडून मोबाइलवर मालिका बघत होती. तिने विचारलं, "झालं?"

"अजून टोचलंच नाही."

"मग एवढा घाम कशाला गाळताय?"

आठवड्याभरात मी तयार झालो. टोचल्या जागी गाठी यायच्या, त्यांना गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं कामही माझ्याकडेच. पण सेकंड शिफ्ट असली की संध्याकाळी घरी कसं असणार? म्हणून मी सुपरवायझरकडे जनरल शिफ्ट मागायला गेलो.

"जनरल कशाला पाहिजे?"

"बायकोला रोज इंजेक्शन द्यायचंय."

"काय झालं वहिनींना?"

"काही नाही. माझ्या बहिणीला बाळ व्हायचंय."

"मग इंजेक्शन वहिनींना का?"

"कारण बाळ हिच्या पोटात असणारे."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "राव, हे तू मला जेवण झाल्यावर सांग." जेवण झाल्यावर सांगितलं. शिफ्ट मिळाली. संध्याकाळपर्यंत सगळ्या लाइनला बातमीही मिळाली.

गर्भ आत ठेवायचं काम अगदी किरकोळ निघालं. भूल नाही, टाके नाहीत. त्याआधी भरपूर पाणी पिऊन थांबायचं असतं. बाहेर आल्यावर बायकोची एकच तक्रार, "बाकी काही नाही हो, लघवी धरून जीव गेला."

आणि पहिल्या खेपेला ते राहिलंच नाही.

रक्ताचा रिपोर्ट आधी ताईला कळला, तिने हिला फोन केला. मी कंपनीतून आलो तर पार्लरचं शटर अर्धं ओढलेलं आणि ही आत टॉवेलच्या घड्या घालत बसलेली. घातलेल्या घड्या मोडून परत घालत होती. म्हणाली, "त्यांनी माझ्या भरवशावर ठेवलं होतं." मी म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुष्कळदा पहिल्यांदा राहत नाही, यात कुणाची चूक नसते. तिने मान हलवली. तिला समजावता समजावता मीही एक टॉवेल उचलून घडी घालायला लागलो. बायकोला वाईट वाटेल, ताईला वाटेल, हे समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं. मलाही वाटेल, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ताई आणि दाजी आले. ताई म्हणाली, "थांबूया आता. तुझ्या शरीराचे हाल नकोत." बायको म्हणाली, "थोडं थांबू. मग एकदा बघू." आईने आत जाऊन सगळ्यांसाठी पिठलं टाकलं. त्या दिवशी आम्ही पाचही मोठी माणसं एका ताटलीतून मिरच्या उचलून खात होतो, ते मला चांगलं आठवतंय.

दुसऱ्या खेपेला राहिलं.

मग सांगायचं कुणाला आणि कसं, हा प्रश्न आला. मी म्हणत होतो, लपवता येईल तेवढं लपवू. बायको म्हणाली, पार्लर चालवणाऱ्या बाईला पोट लपवता येतं होय? पोट दिसायला लागलं त्या आठवड्यात तिने येईल त्या गिऱ्हाइकाला आपणहून सांगायचा सपाटा लावला. "माझ्या नणंदेचं आहे. मी वाढवतेय." एकीने हळूच विचारलं, किती मिळणार. ही म्हणाली, "दवाखाना आणि औषधं त्यांची. बाकी काही घेता येत नाही, आणि घ्यायचंही नव्हतं." दुसरी म्हणाली, "माझ्या नणंदेला मी कोथिंबीर पण आणून देणार नाही." त्यावर सगळं पार्लर हसलं.

मुलीला सांगायचं कामही हिनेच केलं. "आत्याच्या पोटात जागा नाही, म्हणून तिचं बाळ माझ्याकडे आहे. झालं की ते आत्याकडे जाईल." मुलगी म्हणाली, "मग मी कुणाची होते?" हिने तिला जवळ ओढून सांगितलं, "तू माझीच. कुणी मागितलं असतं तरी दिलं नसतं." मुलीचं समाधान झालं. शाळेत जाऊन तिने बाईंना सांगितलं, आईच्या पोटात आत्याचं बाळ आहे. बाईंनी मला बोलावून घेतलं. मी जाऊन आलो. कंपनीच्या बसमध्ये तर पोरांनी माझं नावच 'मामा' पाडलं.

पाचव्या महिन्यापर्यंत मजेत गेलं. मग खटके उडायला लागले. ताई रोज फोनवर विचारायची, काय खाल्लंस, किती चाललीस, पाणी किती प्यायलीस. वाकडहून किवी यायची, ॲव्होकॅडो यायचे. ॲव्होकॅडो आमच्या घरात फक्त आई खायची, तेही मीठ-मिरची लावून. हिला डोहाळे लागले होते कांद्याचे. चाकणच्या बाजारातून मी पाच-पाच किलो आणायचो आणि ही बुक्कीने फोडून भाकरीबरोबर खायची. ताईला ते कळलं तेव्हा तिने इंटरनेटवर शोधून कांद्याचे दुष्परिणाम पाठवले.

एका रविवारी ताई येऊन म्हणाली, शेवटचे महिने तू वाकडला येऊन राहा. लिफ्ट आहे, एसी आहे, दवाखाना जवळ. ही म्हणाली, पोरीची शाळा इथे, पार्लर इथे, मी इथेच बरी आहे. शब्दाला शब्द वाढत गेला. शेवटी ताई म्हणाली, "बाळ माझं आहे गं. मला काळजी वाटणार नाही का?"

"बाळ तुमचं. पोट माझं," ही म्हणाली.

ताईने पर्स उचलली आणि ती निघून गेली.

दोघींचं बोलणं बंद झालं. मग मी आणि दाजी डांगे चौकात चहाला भेटायला लागलो, निरोप्यांसारखे. ते विचारायचे, "कशी आहे?" मी सांगायचो, "बरी आहे. ताई?" "बरी आहे." मग चहा. तिसऱ्या भेटीत दाजी कपाकडे बघत म्हणाले, "अरे, तिला भीती वाटते. सातवा जवळ येतोय ना."

एवढी साधी गोष्ट, पण मला सुचली नव्हती. घरी येऊन बायकोला सांगितली. ती जेवता जेवता थांबली. हात धुतले आणि फोन लावला. "ताई, सातवा लागला की महिनाभर येते तुमच्याकडे. पोरीला घेऊन येते. पण माझा कांदा बंद करायचा नाही." पलीकडून ताई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. ही मात्र बराच वेळ नुसतं "हो ताई, हो ताई" करत होती.

तो महिना सुखरूप पार पडला. आईने डोहाळेजेवण करायचंच म्हणून हट्ट धरला. पण बसवायचं कुणाला? आई म्हणाली, "त्यात काय इचार करायचा? जिच्या पोटात हाय तिची ओटी भरा, आन् जिचं लेकरू हाय तिची बी भरा." दोघी हिरव्या साड्या नेसून शेजारी शेजारी बसल्या. वाकडच्या सोसायटीतल्या बायका बिचाऱ्या आधी कुणाला कुंकू लावायचं म्हणून गोंधळल्या होत्या.

कळा सुरू झाल्या तेव्हा मी चाकणला होतो. एका मित्राच्या गाडीतून निघालो आणि कंटेनरच्या रांगेत अडकलो. पुढे मोशी, पुढे भोसरी, सगळीकडे गाड्याच गाड्या. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. मुलगी झाली होती. आत बायकोबरोबर पूर्ण वेळ ताईच होती. बायको थकलेली, पण मला बघून हसली. म्हणाली, "शेवटी शेवटी मी ताईंना काय काय बोलले असेन देव जाणे. एकदम अगं-तुगंवर आले."

ताई बाळाला छातीशी धरून उभी होती. ती म्हणाली, "अजून बोल. सवय झालीय मला." तेव्हापासून ही ताईला 'तू'च म्हणते.

बाळाला अंगावर पाजायचं नाही, हे हिने आधीच ठरवलं होतं. पाजलं तर मला सोडवणार नाही, असं ती सगळ्यांसमोर स्पष्ट बोलली होती. दूध थांबायच्या गोळ्या मिळाल्या, तरी काही दिवस छाती दगडासारखी झाली, ताप आला. मी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवायचो. आई डिंकाचे लाडू वळायची. आईच्या मते बाळंतीण ती बाळंतीण, शेक-मालिश सगळं व्हायला पाहिजे. मालिशवाली आली. हिला तेल लावून, शेकून झालं, मग तिने हात धुतले आणि म्हणाली, "आना बाळाला."

आई म्हणाली, "बाळ वाकडला."

"एवढ्यात आजोळी धाडलं?"

"न्हाई, आजोळ हेच."

"आन् आई हितं?"

"आई बी वाकडलाच."

बायको उशीत तोंड खुपसून हसली. पण रात्री जेवताना ती गप्प होती, दुसऱ्या दिवशीही. मला वाटलं, आता आली बाळाची आठवण. समुपदेशक बाईंनी सांगितलंच होतं. मी विचारलं, "बाळ आणू का दाखवायला?"

"बाळाचं नाही हो," ती म्हणाली. "बाळ त्यांचंच होतं, पहिल्यापासून मला तसंच वाटत होतं. पण नऊ महिने सगळे मला विचारायचे. जेवलीस का, झोपलीस का, पाय सुजलेत का. आता फोन वाजतो तो तिकडे. ताईने परवापासून एक मेसेज नाही केला." मग म्हणाली, "किवीचा पण राग यायचा मला. आता येत नाही तर बघा."

मी ताईला फोन करतो म्हणालो तर मला दटावलं, बिलकुल करायचा नाही. मी केला नाही. पण दाजींना डांगे चौकात चहाला बोलावलं.

दोन दिवसांनी ताई आली. एकटीच, बाळाला दाजींकडे ठेवून. हातात फळांची पिशवी, केस विस्कटलेले, ड्रेसवर दुधाचे डाग. इतकी गबाळी ताई मी जन्मात पाहिली नव्हती. म्हणाली, "आज दिवसभर मी हिचं करणार. कुणी मध्ये यायचं नाही." हिला म्हणाली, तू पड, मी डोकं चेपून देते. स्वतः पलंगावर बसली, तेलाची वाटी हातात घेतली आणि भिंतीला टेकली. मी चहा घेऊन गेलो तर ताई गाढ झोपलेली, तोंड उघडं. वाटी बायकोने काढून घेतली होती आणि ती ताईच्या अंगावर चादर घालत होती.

"किती दिवसांची झोप आहे कुणास ठाऊक," ती कुजबुजली. "उठवू नका." आणि मग तिला हसू फुटलं. आवाज होऊ नये म्हणून तोंडावर पदर धरून हसत होती, हसता हसता रडत होती. ताई संध्याकाळपर्यंत झोपली. उठल्यावर खजील झाली, मग दोघींनी कांदाभजी केली. मला आणि आईला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही.

मेसेज परत सुरू झाले. पण आता तिकडून सूचना कमी आणि इकडून जास्त. बाळाला ढेकर कसा काढायचा, पोट दुखत असेल तर काय, सगळं ताई हिला विचारायला लागली. भाची आता भिंतीला धरून चालते. ताईने तिच्यासाठी फोटोंचा एक अल्बम केलाय, त्यात दोघींचा हिरव्या साड्यांतला फोटो आहे. कळायला लागली की सांगणार आहे म्हणते. बायको तिला उचलते, खेळवते आणि शी केली की लगेच ताईच्या हातात देते. मामी म्हणून एवढंच काम माझं, असं म्हणते.

मागच्या महिन्यात आमच्या कंपनीतला एक जण माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याची बायको तिच्या बहिणीसाठी हेच करायचं म्हणतेय, आणि हा पार गांगरलेला. "मामा, नवऱ्याने काय काय तयारी ठेवायची?" मी जमेल तसं सांगितलं. पण त्याच्या बायकोला जे विचारायचं होतं ते मला कुठलं येणार? म्हणून रविवारी दोघांना घरी बोलावलं. बायको त्या बाईला पार्लरमध्ये घेऊन गेली आणि आतून दार लावून घेतलं. आम्ही दोघं बाहेर गल्लीत उभे. चहा झाला, दुसरा झाला. मध्येच आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. तो म्हणाला, "काय बोलत असतील?"

मी म्हणालो, "भावा, मला पण माहीत नाही."